सुमन आहेरची कॅडी

सुमन आहेरशी माझी ओळख झाली ती तिने माझ्या हातात मूल दिलं म्हणून. आधी ओळख आणि मग मूल, असं नव्हे. आधी मूल. रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीत फिरायला निघाले होते. गोल्फच्या मैदानाच्या कडेने जाताना एक सलवार-कमीजवाली बाई समोर आली, ओढणी कमरेला गुंडाळलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पाठीला लुगड्याच्या झोळीत काहीतरी बांधलेलं. तिने गाठ सोडली, ते काहीतरी पुढे घेतलं आणि माझ्याकडे देत म्हणाली, "धर जरा."

मी धरलं. सहा-सात महिन्यांची मुलगी होती, गुबगुबीत, आणि तिने लगेच माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. तिकडे त्या बाईने झोळीच्या खालून काठी काढली, गवतावर पाय रोवले आणि चेंडू असा हाणला, की तो बाभळीच्या रांगेपलीकडे दिसेनासा झाला. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"नवीन आलीस ना? खरेदी विभागात? मी तपासणीत असते. चल, चेंडू शोधायचाय."

त्या 'जरा'चे पुढे कित्येक रविवार झाले.

नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की लोकांना शहरातलं ते मैदान आठवतं, जिथे गोल्फ सोडून बाकी सगळं खेळतात. आमचं मैदान खरोखरच गोल्फचं होतं. त्र्यंबक रस्त्याला आमचा कारखाना, त्याला लागून अधिकाऱ्यांची कॉलनी, आणि कॉलनीमागे कुण्या जुन्या साहेबाने हौसेने आखलेले नऊ होल. पाण्याची बोंब असल्यामुळे होलभोवती हिरवळ नव्हती. वाळूत काळं तेल कालवून ती जमीन चोपून बसवलेली असायची. बाहेरचे पाहुणे 'ग्रीन' कुठे म्हणून विचारायचे, तेव्हा त्यांना ते काळपट वर्तुळ दाखवलं जाई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मैदानावर पुरुष खेळायचे आणि गुरुवारी दुपारी 'अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी' ते मोकळं ठेवलेलं असायचं. गुरुवारी दुपारी तिथे फक्त बकऱ्या यायच्या.

सुमन कोणाची पत्नी म्हणून आली नव्हती. ती स्वतःच अधिकारी होती. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात, कळवणला. तो रविवारी दुपारच्या एसटीने यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. सासूबाई देवळ्याला, कांद्याच्या चाळी सोडून शहरात राहायला नाखूश. आठवडाभर मूल पाळणाघरात. रविवारी पाळणाघर बंद. आणि सुमनचं म्हणणं, की आठवड्यात एकच सकाळ तिची आहे आणि त्या सकाळी ती गोल्फ खेळणार.

"मग मूल?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "काय शे त्यात? येईल ना संगती."

ती माहेरची आणि सासरचीही देवळ्याकडची. ऑफिसात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायची, पण आनंद झाला किंवा भांडायचं असलं की अहिराणीत शिरायची. गोल्फचा चेंडू हा शब्द तिने कधी वापरला नाही. ती त्याला 'गोल्टी' म्हणायची. गोल्टी म्हणजे कांद्यातला बारका माल, ज्याला बाजारात भाव नसतो. लहानपणी ती आणि तिचा भाऊ खळ्यावर उरलेल्या गोल्ट्या बाजरीच्या धांड्याने टोलवायचे. शिक्षण एवढंच. बाकी सगळे साहेब पुस्तकं वाचून, खांदे मोजून, श्वास रोखून फटका मारायचे. सुमन नुसती उभी राहायची आणि हाणायची.

तिच्याकडे काठ्या चारच होत्या, कुणाकडून तरी जुन्या घेतलेल्या. पिशवीत बाकी जागा बाळाच्या सामानाला. दुधाची बाटली, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, खुळखुळा आणि लंगोट. ओला लंगोट ती नळावर पिळायची आणि चालता चालता काठीवर वाळत घालायची. एकदा मुंबईहून आलेले कोणी बडे पाहुणे आमच्या मोठ्या साहेबांबरोबर खेळत होते. पाचव्या होलजवळच्या बाभळीवर सुमनने दोन लंगोट टांगले होते. पाहुण्यांना लांबून वाटलं, होलवरचा झेंडा तोच. त्यांनी फार विचार करून, फार देखणा फटका मारला आणि चेंडू बरोबर बाभळीखाली येऊन पडला. मोठे साहेब त्यांना म्हणाले, "सुरेख." दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतंच.

मुलीचं नाव मैथिली. पण तिला सगळे ठमू म्हणायचे. ठमूला कुणाचंही वावडं नव्हतं, त्यामुळे सुमनचा फटका आला की जवळ जो उभा असेल त्याच्या हातात ती जायची. "धरा जरा." कारखान्यात ज्यांच्या केबिनचं दार वाजवायला लोक घाबरायचे, त्यांच्या खांद्यावर मी ठमूला झोपलेली पाहिली आहे. विक्री विभागाच्या देशपांड्यांचा चष्मा तिने ओढून वाकडा केला. हे दरवेळी नेमकं समोरच्याचा महत्त्वाचा फटका यायच्या आधी व्हायचं. देशपांडे म्हणायचे, ही बाई मुद्दाम करते. हातात मूल आलं की माणसाचे खांदे सैल पडतात आणि मग त्याचा नेम जातो.

मी तिला एकदा विचारलं, "मुद्दाम करतेस का गं?"

"मी फक्त मूल देते," ती म्हणाली. "खांदे त्यांचे."

क्लबचे सेक्रेटरी होते खेरसाहेब. हिशेब खात्यातले ज्येष्ठ अधिकारी, मूळचे पुण्याचे, उंच, सडपातळ, पांढरी टोपी. माणूस वाईट नव्हता. नियम ही त्यांची आवड होती, जशी दुसऱ्या कुणाला पेटी वाजवायची आवड असते. खेळायचेही उत्तम. पहिल्याच महिन्यात त्यांनी सुमनला क्लबच्या दारावरच्या पाटीसमोर उभं केलं.

"आहेरबाई, वाचा. 'मुलांनी मैदानात पाऊल टाकू नये.'"

सुमनने वाचलं. मग पाठीवरच्या झोळीतून लोंबणारे ठमूचे दोन्ही पाय हातात धरून त्यांना दाखवले. "हिने कुठं टाकलंय?"

खेरसाहेबांनी पायांकडे पाहिलं. पाय खरोखर अधांतरी होते. ते टोपी सारखी करून निघून गेले, आणि पुढे वर्षभर ठमू मैदानावर फिरली पण तिचा तळवा गवताला लागला नाही. मी तिला धरलेलं असलं की सुमन बजावायची, "खाली सोडू नको गं माय, नियम आहे."

पण मुलं चालायला लागतात. ठमू चालायला लागली ती थेट पळायलाच लागली. खेरसाहेब पाटीजवळ वाटच पाहत होते. त्या रविवारी मी धास्तावले होते. सुमन मात्र बडीशेप चघळत आली, ठमूचं बोट धरून. ठमूच्या झबल्याला पुठ्ठ्याचा बिल्ला लावलेला, त्यावर एक आकडा.

"हे काय?" खेरसाहेबांनी विचारलं.

"कॅडी."

"कोण?"

"ही. तुमच्याच पाटीवर खाली आहे. 'खेळाडू व त्यांचे कॅडी यांस प्रवेश.' कॅडीचं वय कुठं दिलेलं नाही."

"कॅडीला सामान उचलता आलं पाहिजे, आहेरबाई."

"ठमू, दाखव साहेबांना."

ठमूने मूठ उघडली. मुठीत चेंडू ठेवायची ती इवलीशी लाकडी खुंटी होती.

"ही बालमजुरी होते," खेरसाहेब म्हणाले. मला वाटतं त्यांना आता मजा वाटायला लागली होती, पण चेहऱ्यावर काही दिसेना.

"पगार देत नाही ना. घरचं काम आहे."

खेरसाहेबांनी टोपी काढली, परत घातली. "बिल्ला पुठ्ठ्याचा चालत नाही," ते शेवटी म्हणाले. "ऑफिसातून पितळी घ्या. आणि लक्षात ठेवा, कॅडी म्हटलं की कॅडीचे सगळे नियम लागू."

"असू दे की," सुमन म्हणाली.

कॅडीपदावर ठमूला वर्ष होत आलं. खुंटी तिने कित्येकदा हरवली, एकदा मुंग्यांच्या वारुळात पेरली. फटका मारताना गप्प बसायचं हे तिला आईने शिकवलं होतं, त्यामुळे कोणीही काठी उचलली की ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी राहायची. पाहणाऱ्याचीच हसून पंचाईत व्हायची. तो फटका वाया गेला की देशपांडे पुन्हा माझ्याकडे बघून म्हणायचे, "मुद्दाम."

त्या वर्षी कारखान्याच्या स्पर्धेत सुमन एकेकाला हरवत अंतिम सामन्यात पोचली. आधी लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मग हसणं कमी झालं. समोर खेरसाहेब. कॉलनीतल्या बायका, ज्यांनी गुरुवारी कधी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या. तपासणी विभागातली मंडळी आली. मोठे साहेब निकाल द्यायला होते. थंडीची सकाळ होती, आणि सुमनने मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "उद्या ठमूवर तुझं लक्ष. मला मागं वळून बघायला लावू नको."

असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. एरवी तिला हरल्या-जिंकल्याचं काही वाटत नाही असा माझा समज होता. त्या दिवशी कळलं, की तिला स्पर्धेचा तो कप हवा होता. तिने कुणाच्या हातात ठमूला दिलं नाही. बडीशेप खाल्ली नाही. आठ होल झाले तेव्हा दोघं बरोबरीत होते.

नववा होल. दोघांचेही चेंडू त्या काळपट वर्तुळात आले होते, फटके सारखेच. सुमनचा चेंडू होलपासून हातभर, डोळे मिटून आत जाईल असा. खेरसाहेबांचा पाच-सहा पावलांवर, मध्ये थोडा उतार. त्यांनी तो हुकवला की कप सुमनचा. ते उकिडवे बसून उतार न्याहाळत होते. सगळे स्तब्ध. मी ठमूचा हात धरला होता, आणि कोणीतरी माझ्यासमोर चहाचा कप धरला. मी तो घ्यायला हात सोडला.

ठमू तुरुतुरु गेली. तिने खेरसाहेबांचा चेंडू उचलला, झबल्याला पुसला, होलपाशी नेला आणि आत टाकला. मग टाळ्या वाजवल्या.

लोक एवढे हसले की बाभळीवरचे बगळे उडाले. मोठे साहेबही हसत होते. फक्त दोन माणसं हसली नाहीत.

खेरसाहेब उभे राहिले, गुडघे झटकले. "मोठे साहेब, नियमाप्रमाणे माझा चेंडू मी परत जागेवर ठेवतो. त्याबद्दल वाद नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या कॅडीने चेंडू उचलला तर प्रतिस्पर्ध्याला एक फटका दंड."

हसू थांबलं. मग कुरबुर सुरू झाली. थर्मासवाल्या बायकांपैकी एक जण मोठ्यानेच म्हणाली, "काय मेलं लेकरावर डूख धरायचा तो."

मोठ्या साहेबांनी हात वर केला. "खेर, अहो, दोन वर्षांचं मूल. कॅडी कसली? तो बिल्ला म्हणजे थट्टा होती, आपल्या सगळ्यांना माहीत आहे." मग ते सुमनकडे वळले. "आहेरबाई, तुम्ही एवढंच म्हणा, की ती कॅडी नाही, चुकून मैदानात आली. मग दंडाचा प्रश्नच नाही. चेंडू जागेवर ठेवू आणि खेळू."

सगळ्यांना वाटलं, सुटलो. मलाही. म्हण ना, मी मनात म्हणत होते, एवढंच तर म्हणायचंय.

सुमनने आधी ठमूकडे पाहिलं. ठमू होलमध्ये हात घालून चेंडू परत बाहेर काढायच्या खटपटीत होती. मग तिने खेरसाहेबांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या बघण्यात डूख नव्हता. ती काय करते याची खरीखुरी उत्सुकता होती.

"नाही साहेब," सुमन म्हणाली. "कॅडीच आहे ती. दंड लावा."

खेरसाहेबांनी चेंडू जागेवर ठेवला आणि, कबूल करायला हवं, सुंदर मारला. उताराला वळसा घेऊन तो आत गेला. सुमननेही आपला हातभर अंतराचा फटका मारला, तोही आत. दंड नसता तर बरोबरी होऊन आणखी एक होल झाला असता. दंड धरून ती एका फटक्याने हरली. तिने खेरसाहेबांशी हात मिळवला, ठमूला उचललं आणि मला म्हणाली, "चल, तुझ्याकडे पोहे करू."

माझ्या स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. मी कांदा चिरायला घेतला. तिने ठमूला खाली बसवून हातात वाटी दिली. मग म्हणाली, "मला पाहिजे होता गं तो कप."

"मग म्हणायचं होतंस ना. एक वाक्य तर होतं."

"आणि पुढच्या रविवारी? कॅडी नाही म्हटलं, की ती कोण? मूल. मुलांना पाटी आहे." तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि स्वतःच चिरायला लागली, माझ्या तिप्पट वेगाने. "आता मोठ्या साहेबांसमोर, सगळ्या कॉलनीसमोर, तिला कॅडी म्हणून दंड लागला. आता ती कॅडी नाही असं कोणी म्हणून दाखवावं. कप कपाटात राहतो. रविवार दर आठवड्याला येतो."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हातात कांदा होता, त्यामुळे काही विचारता आलं नाही.

दुपारी आम्ही तिच्या घरी असतानाच नवरा कळवणहून आला. पायरीवर बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय झालं?"

"मी हारनू," ती आतून म्हणाली. "तुमनी पोर जितनी."

पुढे झालंही तसंच. क्लबच्या बैठकीत कुणीतरी लहान मुलांना सरसकट बंदीचा विषय काढला. खेरसाहेबच उभे राहिले आणि म्हणाले, समितीने ज्या कॅडीला दंड लावला, त्या कॅडीला समिती मूल म्हणून बाहेर काढू शकत नाही, ते नियमात बसत नाही. त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की कुणाला हसायचं धाडस झालं नाही. बाहेर पडताना ते सुमनला म्हणाले, "मी दंड सोडला असता तर तुम्ही मला कधी माफ केलं नसतं."

"नसतं केलं," सुमन म्हणाली. "पण तुम्ही तो फटका हुकवला असता तर बरं झालं असतं."

"प्रयत्न केला होता," खेरसाहेब म्हणाले. हे खरं की खोटं, मला आजवर कळलेलं नाही. सुमनला विचारलं तर ती म्हणाली, खोटं. पण खूश दिसली.

मग दोन हजारनंतर कारखान्याची अवस्था बिघडली. आधी तपासणी विभाग छोटा झाला, मग कॉलनी रिकामी व्हायला लागली. खेरसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे गेले. सुमनच्या नवऱ्याची बदली दिंडोरीला झाली होती. तिने नोकरी सोडली आणि सगळे एका छताखाली राहायला गेले. जाताना ती काही भावुक वगैरे झाली नाही. टेम्पोत सामान चढवताना मला नुसती हाका मारत होती, हे धर, ते धर. पत्ता दिला. मी जाईन जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही, जसं सगळ्यांचं होतं.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. तीन-चार वर्षांनी, द्राक्षांच्या हंगामात, मी एसटीने वणीला निघाले होते. दिंडोरीच्या पुढे रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा लागला होता आणि आमची बस थांबली. खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्त्याला लागून एक मोकळं, गहू काढलेलं वावर, आणि त्याला लागून द्राक्षाची बाग. वावरात कॅनव्हासच्या बुटांतली एक बाई उभी. समोर धोतर-टोपीतला धिप्पाड बागाईतदार, हातवारे करून तावातावाने बोलत होता आणि परत परत आपल्या बागेकडे बोट दाखवत होता. त्याचा आवाज बसपर्यंत येत होता. "लय झालं आता, बाई. घडाला चेंडू लागला म्हंजी? कोन भरून देनार?"

सुमन शांतपणे ऐकून घेत होती. मी काच सरकवायचा प्रयत्न केला, ती गंजून बसलेली. मी काचेवर टकटक केली, पण तिचं लक्ष नव्हतं. बागाईतदाराचं बोलून झाल्यावर तिने काहीतरी उत्तर दिलं, एवढंसंच, आणि हातातली काठी त्याच्या पुढे केली. तो काठीकडे बघत राहिला. मग त्याने धोतराचा सोगा खोचला, काठी घेतली, पाय फाकवून उभा राहिला आणि हाणली. मातीचं मोठं ढेकूळ उडालं. चेंडू जागेवरच. सुमनने पुढे होऊन त्याचे खांदे धरून जरा वळवले आणि मागे सरकून हाताची घडी घातली. तो पुन्हा नेम धरू लागला.

ट्रॅक्टर निघाला, बस हलली. वळणावर मला शेवटचं दिसलं ते एवढंच. बांधावर शाळेच्या गणवेशातली दोन वेण्यांची ठमू बसली होती. या दोघांकडे तिचं मुळीच लक्ष नव्हतं. मांडीवर भला मोठा घड घेऊन ती द्राक्षं खात होती. बहुधा त्याच माणसाची.